नववीच्या हजेरीतले तीन महिने

डिंडोली, सुरत
२४ नोव्हेंबर २०२५

सौ. सुधाताई यांस,
सप्रेम जय भीम.

तुमचं पाकीट शनिवारी मिळालं. वर 'पोपट शिरसाठ, नववी ब' असं लिहिलेलं बघून सूनबाई अश्विनी म्हणाली, "आबा, तुमचा निकाल लागला वाटतं. बहु मोडा लागला, फारच उशिरा." पोस्टमनसुद्धा हसला. पुढच्या वेळी नुसतं नाव आणि पत्ता लिहावा, ही विनंती.

फोन करू नका हेही आधीच सांगतो. मला ऐकू कमी येतं म्हणून घरातले स्पीकर लावतात, मग समोरची बिल्डिंगही ऐकते. पत्र बरं. मी सावकाश वाचतो, पण दोनदा वाचतो.

तुम्ही लिहिता की १९७३ सालच्या आपल्या अकरावीच्या वर्गाने येत्या २२ फेब्रुवारीला सुरतच्या शाळेच्या त्याच खोलीत जमायचं. प्रत्येकाने आपल्या एका वर्गमित्रावर एक पान हाताने लिहायचं. ती पानं शिवून वही करायची आणि ती शाळेच्या कपाटात राहणार. कल्पना चांगली आहे. पण कपाटात वाळवी आहे का, ते बघून घ्या.

आता माझी अडचण. मी अकरावी झालोच नाही. नववीत दिवाळीनंतर शाळा सोडली आणि उधन्याला लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, कांडी भरायला लागलो. त्या दिवशी कोणी विचारलं, "काय पोपटराव, मॅट्रिकला किती टक्के होते?" तर मी काय सांगू? सगळे रिटायर साहेब आणि मास्तर येणार. मी तिथे कोण म्हणून बसायचं? कोणी हरकत घेतली तर तुम्हालाही खाली बघावं लागेल. नीट विचार करून कळवा. पान रेघांचं हवं की कोरं, शाई निळी की काळी, तेही कळवा.

खरं सांगतो, मला यायचं आहे. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. अजून तीन महिने आहेत, हे मला माहीत आहे.

आणि एक. मला चिठ्ठीत हिलाल महाजन आला आहे, तो बदलून द्यावा. दुसरं कोणीही चालेल.

आपला,
पोपट शिरसाठ

*

वडोदरा
२ डिसेंबर २०२५

प्रिय पोपट,

सौ. सुधाताई म्हणजे कोण, ते मला कळलं नाही. मी तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, म्हणजे 'सौ.' गेलं. 'ताई' मी काढून टाकते. राहिली सुधा. तेवढंच लिही, शाई वाचेल. पुन्हा 'तुम्ही' म्हणालास तर पाकीट न फोडता परत पाठवीन, आणि त्यावर 'नववी ब, वर्गाबाहेर उभा' असं लिहीन. मग पोस्टमनला हसू दे.

तू कोण म्हणून बसायचं? तू पहिलीपासून नववीपर्यंत आमच्यात होतास. अकरावीत जो ऐनवेळी दुसऱ्या शाळेतून आला आणि सहा महिने बसला, तो वहीत असणार आणि तू नाहीस, असा कायदा कोणी केला? वर्गप्रमुख मी होते. अजून कोणी मला काढलेलं नाही.

टक्क्यांचं विचारतील, ही भीती सोड. आता सगळे एकमेकांना शुगर किती ते विचारतात. तिथे तुझा नंबर वर लागेल.

शाई कोणतीही. कागद कोणताही. वाळवी मी बघून घेते.

हिलाल बदलून मिळणार नाही. चिठ्ठ्या टाकल्या असं मी सगळ्यांना कळवलं आहे, पण तुला खरं सांगते, टाकल्या नाहीत. कोणी कोणावर लिहायचं ते मी ठरवलं. सदतीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, कोणाला कोणता प्रश्न द्यावा ते मला कळतं. तुम्ही दोघं एका गावचे, एका शाळेतले, आज तू डिंडोलीला आणि तो कडोदऱ्याला, मध्ये रिक्षाचं अंतर. तुला त्याच्याविषयी एक पान सुचत नाही?

सुधा

*

डिंडोली
९ डिसेंबर २०२५

सुधा यांस,
सप्रेम जय भीम.

'तुम्ही' लिहून खोडलं आहे, म्हणून वर डाग दिसतो. राग मानू नको.

तुझ्या सांगण्यावरून पान लिहायला बसलो. नात साक्षीची वही घेतली. पाच दिवसांत एवढं झालं: 'हिलाल दौलत महाजन हा माझा वर्गमित्र होता. त्याची उंची पाच फूट चार इंच होती. त्याला गणित येत नसे. तो पोहण्यात पटाईत होता. शाळेला दांड्या मारून तो तापीवर जात असे.' याच्यापुढे पेन चालत नाही. साक्षी गुजराती शाळेत आहे, तिने अक्षरं लावून लावून वाचलं आणि म्हणाली, "आबा, आ तो पोलीसमां गुम थयेला माणसनी जाहिरात छे." म्हणजे पोलिसात हरवलेल्या माणसाची जाहिरात.

तुझ्यापासून लपवत नाही. मी आणि हिलाल चोपन्न वर्षं बोललेलो नाही. लग्नकार्यात समोर आला तर मी पंगत बदलतो. मागच्या वर्षी डिंडोलीच्या भाजीबाजारात दिसला, कोथिंबिरीची जुडी निवडत होता. मी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. अश्विनीने विचारलं, "भाजी कुठे?" मी म्हणालो, "बाजार बंद होता." ती गॅलरीतून बाजार बघत होती.

म्हणून हात जोडून सांगतो, मला दुसरा कोणी दे. रामदास दे. रामदासवर मी दोन पानं लिहीन. तो फार चांगला होता, मला त्याचं काहीच आठवत नाही, पण चांगलं लिहीन.

का बोलत नाही, ते विचारू नको. तुला विचारायची गरजही नाही. त्या दिवशी तू वर्गातच होतीस. तूसुद्धा हसली होतीस.

पोपट

*

वडोदरा
१५ डिसेंबर २०२५

प्रिय पोपट,

रामदास देत नाही. त्याच्यावर लिहायला ज्याला दिलं आहे, त्यालाही काही आठवत नाही, पण तो तक्रार करत नाही.

हिलालची उंची तू कधी मोजलीस?

पण शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. मी हसले होते? केव्हा? कशाला? शाळेत मी इतक्या गोष्टींना हसले आहे की एखाद्या हसण्याचा जाब विचारायचा तर तारीख सांगावी लागेल. आणि तू दिवाळीनंतर शाळेत आलाच नाहीस, तर मला हसताना पाहिलंस कुठून? नीट लिही. आढेवेढे घेऊ नकोस. सगळं लिही, कागद वाढला तर तिकीट जास्त लाव.

सुधा

*

डिंडोली
२७ डिसेंबर २०२५

सुधा,
सप्रेम जय भीम.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन फाडली. वाचून झाल्यावर तूही फाड.

वडिलांचा हात लूमच्या पट्ट्यात सापडला, तेव्हा मी नववीत होतो. दिवाळीची सुट्टी संपली आणि मी शाळेऐवजी खात्यात गेलो. कोणाला सांगितलं नाही. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, वडील बरे झाले की मी परत जाईन, असं आई म्हणायची. मी पुस्तकं ट्रंकेत वर ठेवली होती, तळाशी नाही.

पण मला नियम माहीत होता. सलग पंधरा दिवस वर्गात दिसला नाही, की नाव कमी. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. माझं नाव गेलं असणार, हे मी धरून चाललो होतो. तरी जानेवारीत एके दिवशी आमच्या भागात वीज नव्हती, खातं बंद होतं. मी आंघोळ केली, शाळेचा शर्ट घातला आणि आलो. वर्गशिक्षक देवरे सरांच्या पाया पडून सांगायचं ठरवलं होतं की सर, मला वार्षिक परीक्षेला तरी बसू द्या. खात्याचा मालक अर्ध्या पाळीला तयार झाला होता. हे मी घरीही सांगितलं नव्हतं.

वर्गात जायची हिंमत झाली नाही, म्हणून मागच्या खिडकीखाली उभा राहिलो. हजेरी चालली होती. सर खाली मान घालून नावं घेत होते. आणि त्यांनी माझं नाव घेतलं. "पोपट शिरसाठ." म्हणजे नाव अजून होतं. तेवढ्यात हिलाल ओरडला, "हजर!" माझ्या आवाजात. मला तेव्हा बारीक आवाज होता, तुला आठवत असेल. अगदी तसा काढला. आणि सगळा वर्ग तोंडावर हात ठेवून हसला. तू पहिल्या रांगेत होतीस. तुझी वेणी हलताना मी पाहिली.

मला कळलं की मी गेल्यावर माझा खेळ झाला आहे. रोज माझं नाव निघतं आणि रोज हसतात. आमच्या वस्तीतला मी एकटाच नववीपर्यंत पोचलो होतो. कोणी हसलं की ते आपल्यालाच, असं धरून चालायची मला सवय होती, आणि ती सवय उगाच लागलेली नव्हती. पण हिलाल हसेल असं वाटलं नव्हतं.

मी परत गेलो. पुस्तकं रद्दीत घातली. पुढे शाळेकडे फिरकलो नाही.

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मीराबाईलाही नाही, आणि तिच्याबरोबर मी चव्वेचाळीस वर्षं संसार केला. ती गेली तरी हे माझ्याजवळ राहिलं. आता तुझ्याकडे दिलं आहे.

पोपट

*

वडोदरा
२ जानेवारी २०२६

प्रिय पोपट,

तुझं पत्र संध्याकाळपर्यंत माझ्या हातातच होतं. सून विचारत होती, कोणाचं वाईट झालं का. झालं आहे, पण चोपन्न वर्षांपूर्वी, असं तिला सांगून काय उपयोग?

आता मी सांगते ते सावकाश वाच. दोनदा वाच.

दिवाळीनंतर पहिल्याच दिवशी तू आला नाहीस. सरांनी तुझं नाव घेतलं आणि हिलाल "हजर" म्हणाला. देवरे सरांच्या चष्म्याच्या काचा जाड, मान खाली, आणि आवाज आला की रेघ मारायची ही त्यांची पद्धत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पंधरा दिवस झाले तरी तुझं नाव कमी झालं नाही, कारण सरांच्या दृष्टीने तू रोज वर्गात होतास. मधल्या सुट्टीत मी हिलालला पकडलं. वर्गप्रमुख होते, हजेरीपट मुख्याध्यापकांकडे मीच नेऊन देत असे. म्हटलं, "मी सांगणार आहे." तो म्हणाला, "सांग. पण तो परीक्षेला येणार आहे. नाव गेलं तर बसू देणार नाहीत." मी सांगितलं नाही. कोणीच सांगितलं नाही. चव्वेचाळीस मुलांच्या वर्गात एक गोष्ट तीन महिने फुटली नाही, असं मी पुढच्या साऱ्या नोकरीत कधी पाहिलं नाही.

आम्ही हसत होतो, हे खरं. सरांना हसत होतो. हिलालची हजेरी आली की त्याला स्वतःचा घोगरा आवाज काढावा लागे आणि तुझी आली की बारीक. एकदा गडबडीत त्याने दोन्ही वेळा बारीक काढला. सर म्हणाले, "महाजन, घसा बसलाय का?" आता तूच सांग, कोण हसणार नाही?

आणि ज्याला दांड्या मारून तापीवर जायची सवय, तो हिलाल तीन महिने एक दिवस चुकला नाही. तो आला नसता तर तूही आला नसतास. तापात फणफणलेला असताना एकदा येऊन दोन वेळा "हजर" म्हणाला आणि बाकावर डोकं टेकून झोपला.

पुढचं तुला माहीतच नाही. फेब्रुवारीत संमेलन झालं. पूर्ण उपस्थितीचं बक्षीस जाहीर झालं: पोपट शिरसाठ, नववी ब. दिवाळीआधी तू स्वतः एकही दिवस चुकवला नव्हतास, दिवाळीनंतर हिलालने तुझा चुकवू दिला नाही. मंडपात सगळे टाळ्या वाजवतायत, आमचा वर्ग गार. आणि हिलाल उठला, स्टेजवर गेला, पाहुण्यांच्या पाया पडला. पाहुणे म्हणाले, "शाबास पोपट." कंपासपेटी होती. देवरे सरांनी चष्मा पुसून पुन्हा घातला, तेव्हा मला कळलं की संपलं.

सहा छड्या. तुझं नाव त्या दिवशी कमी झालं. पेटी परत दे म्हणाले, तर हिलाल म्हणाला, "ती पोपटची आहे. त्याला विचारून देतो." आणखी दोन छड्या.

तो तुला पेटी द्यायला खात्यावर गेला होता. परत आला. काय झालं, कोणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "तो आता कमवायला लागलाय." वार्षिक परीक्षेत गणितात गेला, कारण ज्याच्या वहीत बघून तो गणितं करायचा, तो नव्हता. नववी पुन्हा केली. मॅट्रिक आमच्यानंतर एका वर्षाने झाला. म्हणजे तुझ्या हिशेबाने तोही आमच्या तुकडीचा नाही. मी दोघांनाही घेतलं आहे.

पेटीचं काय झालं, पोपट?

सुधा

*

वडोदरा
२० जानेवारी २०२६

प्रिय पोपट,

अठरा दिवस झाले. पंधरा दिवसांचा नियम तुला माहीत आहे. हयात असशील तर कार्ड टाक, नसशील तर अश्विनीला टाकायला सांग.

सुधा

*

डिंडोली
२६ जानेवारी २०२६

सुधा,
सप्रेम जय भीम.

मी आहे. बीपी वाढलं होतं. डॉक्टरने विचारलं, काही टेन्शन घेतलं का? मी म्हणालो, शाळेचं. त्याने गोळी बदलून दिली.

पेटीचं विचारलंस. सांगायला तोंड नाही, म्हणून हाताने लिहितो. होळीच्या थोडं आधी हिलाल खात्याच्या फाटकावर आला होता. हातात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चौकीवाल्याने मला बोलावलं. मी मशीनवरून उठून आलो, जाळीतून त्याला पाहिलं. माझ्या अंगावर सगळी रुई. तो मला बघून हसला. मला वाटलं, इथेही हसायला आला. मी चौकीवाल्याला म्हणालो, "मी याला ओळखत नाही." हिलालला ऐकू जाईल असं म्हणालो. आणि आत गेलो.

त्या वेळी त्याच्या हातावर वळ असतील, हे तुझं पत्र वाचल्यावर माझ्या लक्षात आलं. मी हात पाहिले नव्हते, पेपरच पाहिला.

चोपन्न वर्षं मी समजत होतो की मी रुसलो आहे. रुसायचा हक्क त्याचा होता, आणि तो मीच वापरून टाकला.

कडोदऱ्याला दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि रिक्षावाल्याला म्हणालो, परत घे. तो म्हणाला, "काका, कुछ भूल गए क्या?" दुसऱ्यांदा त्याच्या दारात चपला दिसल्या. पाहुणे असतील म्हणून परतलो. त्या घरातल्यांच्याच असणार, पण मला तेव्हा तसं वाटलं. रिकाम्या हाताने कसं जायचं, हाही प्रश्न आहे. पेढे न्यावेत तर त्याला शुगर असेल. फळं न्यावीत तर आजारी माणसाला भेटायला गेल्यासारखं दिसेल.

माझं पान तू वहीत घालू नको. मला वगळ. मी येत नाही. ज्या वर्गाने मला तीन महिने सांभाळलं, त्यांच्यासमोर मी कोणत्या तोंडाने बसू? शर्ट कपाटात ठेवला आहे.

पोपट

*

वडोदरा
३१ जानेवारी २०२६

पोपट,

वगळत नाही. एकदा वर्गाने तुला न विचारता ठेवलं होतं, आताही ठेवते. तोंड कोणतं, हे विचारतोस. जे आहे तेच आण. आमचीही काही नवी आलेली नाहीत.

पेढे ने. शुगर असेल तर तो जास्त खाईल, मी त्याला ओळखते.

आणि दारात चपला असतील तर आत माणसं असतात. मरेपर्यंत रिकाम्या घराची वाट बघणार आहेस का? तिसऱ्यांदा जा. रिक्षावाला तोच असेल तर त्याला थांबायला सांगू नकोस.

सुधा

*

डिंडोली
१२ फेब्रुवारी २०२६

सुधा,
सप्रेम जय भीम.

गेलो. रविवारी सकाळी नऊला निघालो. अश्विनीने पेढ्यांबरोबर शेवभाजीचा डबाही दिला आणि म्हणाली, "आबा, आज पण परत आलात तर हा डबा तुम्हालाच दोन दिवस."

दार उघडंच होतं. हिलालची सून बाहेर आली. मी म्हणालो, "हिलालभाऊंना सांगा, पोपट शिरसाठ आलाय." ती आत गेली. आतून त्याचा आवाज आला, मला कमी ऐकू येतं तरी ऐकू आला, कारण त्याला तो मला ऐकवायचा होता. "सांग त्याले, कोणी पोपट-बिपट वळखत नही मी."

ती बिचारी गोरीमोरी झाली. "काका, ते..." मी म्हणालो, "बरोबर आहे, बेटा." आणि तिथेच पायरीवर बसलो. किती वेळ गेला कोण जाणे. डबा मांडीवर होता, पेढे डब्यावर. समोरच्या घरातली बाई विचारायला लागली, "कोण पाहिजे?" तेवढ्यात मागून काठी वाजली. हिलाल दारात उभा. केस सगळे गेलेत. उंची पाच फूट चारपेक्षा कमी झाली असावी.

म्हणाला, "चौकीवाल्यानं मला तेव्हा एवढंसुद्धा बसू दिलं नव्हतं. तुला निदान पायरी मिळाली."

मी उठून हात जोडले आणि म्हणालो, "हिलाल, मी खिडकीत होतो." पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो. मध्येच कुठूनतरी सांगायला लागलो, मग मागे गेलो, मग पुन्हा पुढे. तो काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. खिडकीचं त्याला माहीतच नव्हतं. त्याची समजूत अशी की पोपटच्या हातात मजुरी आली आणि त्याला मस्ती चढली. चोपन्न वर्षं तो मला साहेब म्हणत आला. मी पंगत बदलली की घरच्यांना सांगायचा, "बघा, साहेब उठले."

शेवटी म्हणाला, "म्हणजे तू त्या दिवशी आत आला असतास, तर दोन-दोन पोपट हजर झाले असते." आणि हसायला लागला. मग खोकला. सुनेने पाणी आणलं, त्यातलं त्याने अर्धं प्यायलं आणि तोच तांब्या माझ्यापुढे केला. शाळेत असताना मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. तेव्हा ते दार माझ्यासाठी नव्हतं, आणि आम्ही दोघंही त्याविषयी बोलत नव्हतो. मी पाणी प्यायलो. तो म्हणाला, "बठ ना भो. उभ्यानं का पितोस?"

कंपासपेटी त्याच्या मुलाने वापरली, पुढे नातवाने. पट्टी हरवली, कर्कटकाचं टोक मोडलं. "भरपाई मागायला आलास का?" म्हणाला. पेढे तीन खाल्ले. तू सांगितलं होतंस तसंच.

मग मी खिशातून पान काढलं. आदल्या दिवशी पुन्हा लिहिलं होतं. उंचीचं वाक्य काढून टाकलं. त्याला वाचून दाखवलं. तो मान डोलावत होता, पण एका वाक्यावर काठी आपटली. मी लिहिलं होतं, 'माझं नुकसान होऊ नये म्हणून हिलालने तीन महिने माझी हजेरी लावली आणि मार खाल्ला.'

"हे खोटं आहे. काट."

मी म्हणालो, "सुधाने लिहून कळवलंय."

"सुधीला काय माहीत? ती पहिल्या रांगेत." काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "तुझं नाव गेलं असतं ना, तर देवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी कोणीतरी उचलून तुझ्या जागेवर बसवला असता. मला तुझ्याशिवाय कोणाजवळ बसायचं नव्हतं. परीक्षेचं मी सुधीला सांगितलं, कारण ते ऐकून ती गप्प बसली असती. बाकावर अर्धी जागा सोडून बसायचो मी रोज. बस एवढंच होतं. त्यात मोठेपणा घालू नको."

मी ते वाक्य काटलं आणि तो बोलला तसं लिहिलं. त्याने दोनदा वाचायला लावलं. मग खाली सही करू लागला. मी सांगितलं, पान माझं आहे, सही माझी लागते. तो म्हणाला, पान माझ्यावर आहे. आता दोन्ही सह्या आहेत. नियमात बसत नसेल तर तू बघ, वर्गप्रमुख तू आहेस.

पान सोबत आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आहे, तरी पाकीट ओल्या हाताने उघडू नको.

आम्ही दोघं २२ तारखेला येतो. वेळ अकराची आहे, म्हणून मी त्याला साडेसातला तयार राहायला सांगितलं. त्याने शिवी दिली. आठ ठरले आहेत. मॅट्रिकचं कोणी विचारलं तर तो बोलणार, मी गप्प बसणार, असंही ठरलं आहे.

फक्त एक काळजी आहे, ती कळव. त्या दिवशी वर्गात बसायला खुर्च्या मांडणार आहात की बाकं आहेत? बाकं असतील तर आम्हाला दोघांत एकच पुरे. मागच्या खिडकीजवळचं ठेव.

तुझा,
पोपट